फॉरमॅटची घाई नको

"माझा कॉम्प्युटर फार हळू चालतो. भाचा म्हणतो, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू. येत्या रविवारी तो येणार आहे. त्याच्या सांगण्यावरून ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला आणि सगळं त्यात भरलं. घरच्या फोटोंचा फोल्डर डेस्कटॉपवर होता, तो तर क्षणात कॉपी झाला. गेली काही वर्षं मी वडिलांच्या वह्या टाइप करते आहे. ती फाइलही घेतली, आणि हल्ली पेन ड्राइव्हवरूनच ती उघडून काम करते. बहिणीच्या साठीच्या समारंभाचा व्हिडिओ मात्र कॉपी होत नाही. फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो, जागा तर अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे! शिवाय ६४ऐवजी ५९ जीबीच दिसतात. फसवणूक झाली का? आता कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं तर चालेल ना? आणि पेन ड्राइव्ह कपाटात जपून ठेवला तर किती वर्षं टिकेल?"

— एक वाचक

ताई, सप्रेम नमस्कार.

हे वाचून झालं की भाच्याला फोन करा आणि रविवारचं काम आठ-दहा दिवस पुढे ढकलायला सांगा. त्याचा सल्ला चुकीचा नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर जुना कॉम्प्युटर पुष्कळदा हलका होतो. पण तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांनी मला काळजी लागली आहे, आणि तुम्ही ती दोन्ही अगदी सहज लिहून गेला आहात.

पहिलं वाक्य फोटोंचं. 'क्षणात कॉपी झाला' असं तुम्ही म्हणता. मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण तीन-चार एमबीचा असतो. हजार फोटो म्हटले तरी तीन-चार जीबी होतात. साधा पेन ड्राइव्ह सेकंदाला १० ते २० एमबी लिहितो, म्हणजे एवढ्यालाच काही मिनिटं लागतात, आणि घरच्या फोटोंचा फोल्डर हजारावर थांबत नाही. जो फोल्डर क्षणात कॉपी होतो तो बहुतेक वेळा फोल्डर नसतोच, शॉर्टकट असतो. डेस्कटॉपवरच्या त्या आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात छोटा वळलेला बाण आहे का, ते बघा. बाण असेल तर तो आयकॉन म्हणजे नुसता पत्ता. फोटो भलतीकडेच आहेत, बहुधा डी ड्राइव्हवर किंवा पिक्चर्समध्ये, आणि तुम्ही पेन ड्राइव्हवर त्यांचा पत्ता तेवढा नेलात. त्यावर क्लिक केलं की फोटो उघडतात, म्हणून शंकाही येत नाही. पण ते उघडतात ते पेन ड्राइव्ह याच कॉम्प्युटरला लावलेला आहे म्हणून. कॉम्प्युटर पुसला की तो पत्ता रिकाम्या जागेचा होतो.

खात्री करणं सोपं आहे. पेन ड्राइव्हवरच्या त्या आयकॉनवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. टाइपपुढे 'शॉर्टकट' लिहिलेलं असेल आणि साइज एक-दोन केबी असेल, तर फोटो अजून आलेले नाहीत. मग डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवी क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरा फोल्डर जिथे आहे ती जागा समोर येईल. कॉपी करायचा तो हा.

दुसरं वाक्य वडिलांच्या वह्यांचं, आणि ते मला जास्त लागलं. तुम्ही हल्ली ती फाइल पेन ड्राइव्हवरूनच उघडून टाइप करता. म्हणजे गेल्या काही दिवसांतली पानं फक्त पेन ड्राइव्हवर आहेत. कॉम्प्युटरवरची फाइल तेव्हाच मागे पडली. ज्याला तुम्ही बॅकअप समजता आहात तीच आज मूळ प्रत झाली आहे, आणि तिला दुसरी प्रत नाही. बोटभर लांबीची ती वस्तू हरवली, कोणाचा धक्का लागून वाकली किंवा टाइप करता करता वीज गेली, तर ती पानं पुन्हा टाइप करावी लागतील. वह्या अजून शाबूत आहेत हे नशीब, पण जुना कागदही वर्षागणिक विरत जातो.

म्हणून पहिलं काम आजच करा. पेन ड्राइव्हवरची ती फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि नावात तारीख घाला, म्हणजे 'वह्या' ऐवजी 'वह्या' आणि पुढे आजचं वर्ष, महिना, दिवस. कॉम्प्युटरवर त्याच नावाची जुनी फाइल असेल तर तिच्यावर नवी चढवू नका, दोन्ही राहू द्या. तारखेमुळे कुठली पुढची आणि कुठली मागची हा गोंधळ होत नाही. शिवाय एखाद्या दिवशी चुकून अर्धं प्रकरण पुसून फाइल सेव्ह झाली, तर आठवड्यापूर्वीची प्रत हाताशी असते. इथून पुढे टाइपिंग नेहमी कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये करा आणि उठताना तिची प्रत पेन ड्राइव्हवर टाका. पेन ड्राइव्हवर काम करू नका, हे मी आग्रहाने सांगते. बॅकअप म्हणजे जास्तीची प्रत. मूळ फाइल जागेवर असते तोवरच ती जास्तीची राहते. कॉम्प्युटरवरचं सगळं पुसलं तर चालेल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: आणखी एक प्रत दुसरीकडे तयार होईपर्यंत मुळीच नाही.

आता व्हिडिओ. इथे तुमचं काही चुकलेलं नाही. पेन ड्राइव्हवर फाइलींची नोंद ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. त्यातली फॅट३२ नावाची जुनी पद्धत सगळीकडे चालते, पण तिच्यात एका फाइलचा आकार नोंदवायला ठरावीकच जागा आहे आणि ती ४ जीबीपाशी संपते. ड्राइव्हवर ४० जीबी मोकळे असोत, ४ जीबीहून मोठी एक सलग फाइल त्यावर बसणार नाही. समारंभाचं दोन-तीन तासांचं चांगल्या दर्जाचं चित्रीकरण सहज त्यापलीकडे जातं. 'धिस पीसी'मध्ये पेन ड्राइव्हवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. 'फाइल सिस्टिम'पुढे फॅट३२ दिसलं की निदान पक्कं.

यावर उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करणं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २००६ मध्ये अशाच ड्राइव्हसाठी आणली. ती विंडोजवर आणि मॅकवर दोन्हीकडे चालते आणि ४ जीबीची अडचण तिच्यात नाही. एनटीएफएस हाही पर्याय यादीत दिसेल, पण मॅकवर तो एरवी फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही. उद्या ड्राइव्ह कोणाच्या मॅकला लावावा लागला तर अडायला नको.

पण इथे नीट थांबा. फॉरमॅट केलं की पेन ड्राइव्हवरचं सगळं जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी वह्यांची ताजी फाइल कॉम्प्युटरवर आणायची. मग पेन ड्राइव्हवर आणखी काही असं आहे का जे कॉम्प्युटरवर नाही, ते सावकाश पाहायचं. कोणी दिलेले फोटो, दुकानातून स्कॅन करून आणलेले कागद अशा गोष्टी तिथे पडून असतात. तेही कॉम्प्युटरवर घ्यायचं. त्यानंतरच उजवी क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट. बटण दाबण्यापूर्वी खिडकीच्या वर ड्राइव्हचं अक्षर कुठलं आहे ते मोठ्याने वाचा. चुकून दुसरा ड्राइव्ह निवडला गेला तर होणारं नुकसान फार मोठं असतं.

५९ जीबीची शंका मिटवून टाकते. फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि त्याचा जीबी १०७ कोटी ३७ लाखांच्या वर जातो. ६४ ला या हिशेबाने भागलं की ५९.६ उरतात. मात्र खरी फसवणूक वेगळ्या प्रकारे होते, आणि ती आकड्यांत दिसत नाही. काही बनावट पेन ड्राइव्हच्या आत चिप असते ८ किंवा १६ जीबीची, पण कॉम्प्युटरला ते स्वतःची ओळख ६४ किंवा त्याहून मोठे अशी करून देतात. फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, नावं दिसतात, आकार दिसतो, आणि उघडायला गेलं की आत काही नसतं. ड्राइव्ह खात्रीच्या ठिकाणाहून आणला असेल तर भीती नाही. तरी एक्सफॅट करून झाल्यावर तो रिकामाच असेल, तेव्हा भाच्याला सांगून एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम एकदा चालवा. तो पूर्ण ड्राइव्ह भरतो, भरलेलं परत वाचतो आणि जुळतं का ते सांगतो. काही तास लागतील. लागू द्या. वडिलांच्या वह्या यावर ठेवायच्या आहेत.

ड्राइव्ह तपासून झाला की कॉपी सुरू करा. काय घ्यायचं हे ठरवताना फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सवर थांबू नका. डाउनलोड्समध्ये बघा, पावत्या, दाखले, तिकिटं असं बरंच काही तिथेच साचलेलं असतं. ब्राउझरमधले बुकमार्क वेगळे एक्स्पोर्ट करून घ्यावे लागतात. ई-मेल ब्राउझरमध्ये उघडत असाल तर ते सर्व्हरवर आहेत, पण आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये वाचत असाल तर ते कॉम्प्युटरवरच साठलेले असू शकतात. हे भाच्याला मुद्दाम विचारा. वनड्राइव्ह, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय, चालू असेल तर काही फाइलींच्या शेजारी ढगाचं चिन्ह दिसेल. ती फाइल कॉम्प्युटरवर नाही, इंटरनेटवर आहे. कॉपी करण्याआधी ती उतरवून घ्यावी लागते, म्हणून हे काम नेट चालू असतानाच करा.

आणि एक गोष्ट मराठीत टाइप करणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहत नाही: फॉन्ट. वह्यांचं काम तुम्ही काही वर्षांपूर्वी सुरू केलंत. सुरुवातीची पानं युनिकोड (म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर नव्याने टाकलेल्या विंडोजवर ती उघडताच सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतील. मजकूर गेलेला नसतो, फक्त त्याला मराठी दाखवणारा फॉन्ट नसतो. म्हणून तो फॉन्टही पेन ड्राइव्हवर घ्या. सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, त्यात तो मिळेल. शिवाय वह्यांच्या फाइलची एक प्रत पीडीएफ म्हणून सेव्ह करा. पीडीएफमध्ये अक्षरांचं रूप फाइलबरोबरच जातं, त्यामुळे फॉन्ट सापडला नाही तरी वाचता येतं. सवड मिळेल तशी जुनी पानं युनिकोडमध्येही आणा. तीस वर्षांनी घरातल्या कोणी ही फाइल उघडली तर त्यांना त्या फॉन्टचं नावही ठाऊक नसेल.

कॉपी झाल्यावर लगेच समाधान मानू नका. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये किती फाइली आहेत आणि साइज किती, ते कागदावर लिहा आणि पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरशी ताडून पाहा. शेजारीच 'साइज ऑन डिस्क' असा आकडा असतो, तो दोन ड्राइव्हवर वेगळा येतो. तिकडे लक्ष देऊ नका. मग पेन ड्राइव्ह नीट बाहेर काढून दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावा आणि तिथे फाइली उघडा. सुरुवातीचा एखादा फोटो, मधला एखादा, व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून, वह्यांची फाइल शेवटच्या पानापर्यंत. शॉर्टकटचं सोंग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लगेच उघडं पडतं. ही पायरी निष्णात माणसंही गाळतात. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला आणि तेव्हा कळलं की बॅकअपच्या त्यांच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाची नव्हती. सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं, आणि मधल्या सहा तासांचं काम गेलंच.

'नीट बाहेर काढून' म्हटलं ते अक्षरशः घ्या. खाली उजवीकडच्या चिन्हातून 'इजेक्ट' करून मगच ओढा. कॉपीची पट्टी संपली तरी एखादा प्रोग्रॅम अजून ड्राइव्हवर लिहीत असू शकतो, आणि एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं लिखाण सावरण्याची सोय एनटीएफएसइतकी नाही. कधी ड्राइव्ह लावल्यावर 'वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश आला तर हो म्हणू नका. रद्द करा, त्यावर नवं काही लिहू नका आणि भाच्याला दाखवा. तशा अवस्थेतूनही फाइली अनेकदा परत मिळतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: कपाटात किती वर्षं? ठाम आकडा देता येईल अशी ही वस्तू नाही. पेन ड्राइव्हच्या आत नँड फ्लॅश प्रकारची चिप असते. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र शोधलं. २००० मध्ये पहिले पेन ड्राइव्ह विकायला आले तेव्हा त्यांत अवघे ८ एमबी मावत. चिपमध्ये अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात थोडा विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. किती भार आहे यावरून आत काय लिहिलंय ते ठरतं. हा भार हळूहळू झिरपतो, उष्णतेत लवकर झिरपतो. एकाच कप्प्यात जास्त माहिती दाटीने बसवायची तर भारांमधला फरक बारीक ठेवावा लागतो, म्हणजे थोडं झिरपलं तरी वाचताना चूक होते. शिवाय प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो, आणि दरवेळी पुसताना त्याची भार धरून ठेवण्याची ताकद कमी होते. फार वापरलेला, स्वस्तातला आणि गरम जागी ठेवलेला ड्राइव्ह लवकर दगा देतो. चांगला ड्राइव्ह कितीतरी वर्षं ठणठणीत राहिलेलाही दिसतो, पण तुमचा कुठला निघेल हे आधी कळत नाही. म्हणून कपाटात ठेवून विसरू नका. वर्षातून एकदा बाहेर काढा, फाइली उघडून पाहा, आणि कॉम्प्युटरवरून सगळं पुन्हा नव्याने त्यावर लिहा. नुसता लावून काढला म्हणजे झिरपलेला भार पुन्हा भरला, असं धरून चालू नका.

आणि वह्या, फोटो यांसाठी एका पेन ड्राइव्हवर विसंबू नका. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रुजवलेला एक साधा नियम आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्यापुरतं बोलायचं तर कॉम्प्युटर, पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची हार्ड डिस्क. परवडत असेल तर डिस्क जरूर घ्या, फोटो वाढतच जाणार आहेत. पण सगळं एकाच कपाटात ठेवणं म्हणजे कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवणं. एक प्रत बहिणीकडे राहू द्या, व्हिडिओही तिचाच आहे. वह्यांची फाइल छोटी असणार. ती स्वतःलाच ई-मेलने पाठवून ठेवलीत तरी एक प्रत घराबाहेर गेली. हे आजच, वह्यांची फाइल कॉम्प्युटरवर आणल्या आणल्या करा, पाच मिनिटांचं काम आहे.

घराबाहेर ठेवायच्या प्रतीत ओळखपत्रं किंवा बँकेचे कागद असतील तर ते पासवर्डमध्ये बंद करा. सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम त्याला पुरेसा आहे. पासवर्ड एखाद्या वहीत लिहून घरच्या विश्वासातल्या माणसाला ती जागा सांगून ठेवा, कारण तो विसरला तर त्या फाइली कोणीही उघडून देऊ शकणार नाही. वह्या आणि फोटो मात्र पासवर्डशिवायच ठेवा. ते घरच्यांना सहज मिळायला हवेत.

काम झालं की पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरलाच लावून ठेवायची सवय नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेले ड्राइव्हही त्यात सापडले. काढून ठेवलेल्या ड्राइव्हपर्यंत असा व्हायरस पोचत नाही.

भाचा येईल तेव्हा त्याला आधी शेजारी बसवा आणि पेन ड्राइव्हवरचं सगळं त्याच्या लॅपटॉपवर उघडून दाखवायला सांगा. फोटो, व्हिडिओचा शेवट, वह्यांचं शेवटचं पान. हार्ड डिस्क किंवा बहिणीकडची प्रतही तोवर तयार हवी. फॉरमॅट करताना पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क दोन्ही काढून बाजूला ठेवा. विंडोज टाकताना ड्राइव्हची यादी समोर येते, आणि घाईत चुकीची ओळ निवडली जाऊ शकते. नवं विंडोज उभं राहिलं की आधी फॉन्ट टाका, मग वह्यांची फाइल, मग बाकीचं. पेन ड्राइव्हवरून कॉपी करा, कट करू नका. आणि नव्या विंडोजवर महिनाभर काम करून काही राहिलं नाही याची खात्री होईपर्यंत पेन ड्राइव्हवरचं काहीही पुसू नका. तिथे पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.